दिगूकाकांचा हात गेला

आमच्या लातूरच्या कॉलनीतले दिगूकाका माणसाआधी त्याच्या स्कूटरची विचारपूस करतात. तुम्ही गाडी थांबवून "काय काका?" म्हणेपर्यंत ते वाकलेले असतात, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं स्वतःच्या कानाला लावून. मग डोळे मिटून निकाल देतात, "पोटातून बोलंना झालीय."

काका मेकॅनिक नाहीत. तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झाले. काकू गेल्यावर घरात ते आणि मुलगी वैशाली अशी दोघंच उरली, आणि काकांना बिनगिअरच्या स्कूटरी पळवायचं वेड लागलं. या गाड्यांच्या पोटात व्हेरिएटर नावाचा डबा असतो, त्यात छोटे रोलर. रोलर हलके केले की गाडी चटकन उचलते, एवढं मला त्यांच्यामुळे कळलं. त्याहून जास्त जाणून घ्यायची माझी इच्छा नव्हती, पण काका ऐकणाऱ्याची इच्छा विचारत नाहीत.

रोलरचं वजन ते सराफाच्या काट्यावर करायचे. एकदा लग्नाचे दागिने घ्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, हे कशाचे मणी? काका म्हणाले, "गळ्यातले न्हाईत, पोटातले हायत." बाई दुसऱ्या दुकानात गेल्या. सराफ तरीही काकांना काटा देत राहिला, कारण त्याची गाडी काकांनीच उडती केली होती. प्रत्येक सुटा भाग ते दंतमंजनाने घासून आरशासारखा करतात. आत कुणाला दिसणार, असं मी म्हटलं तर म्हणाले, गाडीला दिसतंय की.

माझीही स्कूटर त्यांनी तयार केली. औसा रोडवर मूठ पिळली आणि मागे बसलेली बायको जे ओरडली, ते पेट्रोल पंपापर्यंत. तेव्हापासून ती रिक्षाने जाते. काकांनी याला पावती मानलं.

अशा माणसाची मुलगी औशाच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागली. रोज स्कूटरने जाणं-येणं. तिने वडिलांना सांगितलं, माझी गाडी सगळ्यात जोरात पळाली पाहिजे, पहिल्याच दिवशी उशीर नको. काका आठवडाभर गाडी उघडून बसले. शाळेच्या पहिल्या दिवशी सगळी कॉलनी गाडी बघायला फाटकाशी जमली. वैशाली निघाली, इंजिन वाघासारखं गुरगुरलं आणि गाडी बैलगाडीसारखी गेली. वेगाचा काटा चाळिसाच्या वर हलेना. शाळेत उशीर झाला, मुख्याध्यापक बोलले.

मग काय, आमच्या तोंडाला खाद्य मिळालं. काकांनी पुन्हा दोनदा गाडी उघडली, दोन्ही वेळा तेच. लोक आपल्या गाड्या दुसरीकडे न्यायला लागले. सराफानेसुद्धा तोंड फिरवलं. मी मुद्दाम विचारलं, काका, हे कसं झालं? आजवर चूक कबूल न केलेला हा माणूस खाली बघत म्हणाला, "हात गेला रं माझा." माझी गंमत तिथेच संपली. वाईट वाटलं.

पुढे एकदा कामानिमित्त औशाला गेलो, तिथे वैशाली भेटली. मी काकांबद्दल हळहळलो, तर ती हसायला लागली.

"अहो, मी इथल्या गॅरेजात गाडी उघडून बघितली. व्हेरिएटरमध्ये एक जादा वॉशर निघाला. त्यानं बेल्ट वर चढतच न्हाई, मग गाडी पळंल कशी? पितळी वॉशर, आरशासारखा घासलेला. तसं घासणारा लातुरात एकच माणूस हाय."

"मग काढून टाकला?"

"मेकॅनिक म्हणला, काढू का. मी म्हणलं, राहू द्या, हाय तसा बसवा. आता मी घरून लवकर निघते. पप्पांना सांगू नका मात्र."

त्या संध्याकाळी मी काकांच्या फाटकाशी गप्पा मारत उभा होतो. गप्पा माझ्याच चालल्या होत्या, त्यांचा कान रस्त्याकडे होता. वळणावर गुरगुर ऐकू आली आणि काकांनी रोखलेला श्वास सोडला. वैशाली सावकाश आत आली आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणाली, "पप्पा, आज सायकलवाल्यानं मागं टाकलं मला. तुमचा हात पार गेला बघा."

काकांनी मान खाली घातली. "उद्या बघतो गं," म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन आत गेले.