सप्रेअण्णांची शिंक आणि सुरेश पाटलांची खोली

चुकीचं लिहिलेलं काही दिसलं की सप्रेअण्णांना शिंक येते. दुर्गाघाटावरच्या घरून आमच्या धर्मशाळेच्या ऑफिसात येईपर्यंत गल्लीतल्या पाट्या वाचून त्यांचा रुमाल ओला झालेला असतो. वर घोषणा: "गलत म्हणजे गलत, बेटा! त्यात आपलं-परकं नाही!"

अशा माणसाकडे ट्रस्टने यात्रेकरूंची कॉम्प्युटरवरची यादी साफ करायला दिली.

ती यादी आम्ही सगळेच भरायचो, ज्याला जसं सुचेल तसं. 'जोशी, टक्कलवाले.' 'पुण्याची मावशी, गरम पाणी मागते.' आमचं स्वतःचं गावसुद्धा कुठे काशी, कुठे बनारस, तर कुठे वाराणसी. अण्णांनी पहिलं पान उघडलं आणि चष्मा उडेल इतक्या जोरात शिंकले.

मग त्यांनी हुकूम काढला: हात धुतल्याशिवाय कीबोर्डला शिवायचं नाही. आणि एकच नाव दोनदा दिसलं, तरी विचारल्याशिवाय खोडायचं नाही. सकाळपासून फोन सुरू. "नमस्कार, काशीहून सप्रे बोलतोय. आपण एक आहात की दोन?"

नाशिकच्या एका बाईंनी फोन आपटला. इथल्याच लंका मोहल्ल्यातला एक दूधवाला, ज्याचा नंबर यादीत कसा शिरला कुणास ठाऊक, म्हणाला, "का गुरू, सबेरे-सबेरे भांग चढ़ गइल का?"

एका दुपारी अण्णांना शिंकांची उबळच आली. यादीतल्या सगळ्या सुरेश पाटलांपुढे कुणीतरी कंटाळून एकच मोबाइल नंबर टाकला होता. कोल्हापूरचे पाटील येवोत की जळगावचे, 'आपली खोली तयार आहे, काशीत स्वागत' हा मेसेज जायचा सांगलीकडच्या एकाच पाटलांना.

"गजब! आत्ता माफी मागतो," म्हणत अण्णांनी नंबर फिरवला.

फोन आमच्याच दारात वाजला.

दारात फेटा बांधलेले एक म्हातारे उभे होते, खांद्याला पिशवी. "म्याच सुरेश पाटील. आलो बगा! इस्वनाथबाबा सारखा सांगावा धाडतोय, खोली तयार हाय म्हनून. पोरगं हसतंय. पर देवाला किती डाव न्हाई म्हनायचं?"

मी तोंड उघडलं, "अहो काका, ते चुकून..." तोच अण्णांनी माझ्या पायावर पाय दिला.

"बोलावणं आपल्यालाच होतं," ते म्हणाले. "चला, खोली तयार आहे."

"अण्णा, सगळं फुल्ल आहे. कुठली खोली?" मी कुजबुजले.

"माझी."

त्यांची आई गेल्यापासून अण्णा दुर्गाघाटावरच्या त्या घरात एकटेच. रोज खिचडी. आता पाटीलबाबा पिठलं-भाकरी करू लागले, आणि अण्णा पाच वाजले की घरी पळू लागले. शेवटी पाटलांच्या पोराने तिकीट काढलं आणि ते गावी गेले.

अण्णांनी यादी पुरी केली. प्रत्येक पाटलाला ज्याचा त्याचा नंबर मिळाला. मी अभिनंदन केलं, तर ते माझ्या टेबलाशी रेंगाळले.

"बेटा, तो खोलीचा मेसेज... सांगलीला एकदा पाठवता येईल?"

"पण अण्णा, बुकिंग नाही. गलत होईल ते."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुसतच राहिले.

"होऊ दे," म्हणाले.