चंद्राबाईचा ठराव

बोअरिंगची गाडी वरच्या आळीत न थांबता धुरळा उडवत खाली गेली आणि सरपंचांच्या मळ्याशेजारी उभी राहिली, तेव्हा चंद्राबाईच्या हातातली केरसुणी तिथल्या तिथे पडली. उन्हाळ्यात वरच्या आळीच्या बायका नदीच्या पात्रात खड्डा उकरून वाटीवाटीनं हंडा भरायच्या. यंदा आळीतल्या चिंचेखाली हातपंप बसणार म्हणून चंद्राबाईनं मनातल्या मनात त्याला हळदकुंकूही वाहून ठेवलं होतं. ती तशीच पदर खोचून ग्रामपंचायतीत शिरली.

“भाऊसाहेब, आमचा पंप खाली कसा गेला?”

ग्रामसेवक मोघे सज्जन गृहस्थ. ओरडत आलेल्या माणसाला ते आधी पाणी देत आणि मग कागद दाखवत. त्यांनी ग्रामसभेचं रजिस्टर उघडलं.

“हा बघा सव्वीस जानेवारीचा ठराव. हातपंप खालच्या आळीत, मळ्यालगत बसवावा. सूचक, चंद्राबाई कोंडाजी भोईर. सर्वानुमते मंजूर.”

“कोण चंद्राबाई?”

“तुम्हीच की! हा अंगठा तुमचाच ना?”

अंगठा तिचाच होता. त्या दिवशी ती भाकऱ्या थापत असताना शिपाई शुक्रा रजिस्टर घेऊन दारात आला आणि तिनं पिठाचा हात पुसून अंगठा लावून दिला. कशावर, म्हणून विचारलंसुद्धा नाही. गावात सभा अशीच व्हायची. सभा बोलवायची आणि लोकांनी कामंधामं टाकून यायचं, एवढा त्रास कुणी कुणाला देत नसे. सभाच आपली शुक्राच्या काखेत बसून घरोघरी जायची. ठरावाला सूचक म्हणून कुणाचं तरी नाव लागतं, ते मोघ्यांनी पहिला अंगठा दिसला त्याचं घातलं होतं.

बातमी तिच्याआधी आळीत पोचली. “सरपंचानं लुगडं-बिगडं दिलं का गं?” असं शेजारच्या विमलबाईनं विचारलं, तेव्हा चंद्राबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विमलबाईचा अंगठा त्याच पानावर होता, पण सांगून ऐकतं कोण!

बोअरिंगच्या मशीनचा कसलासा भाग तुटला होता आणि नवा यायला आठ दिवस लागणार होते, हीच काय ती देवाची कृपा. मोघ्यांनी उपाय सांगितला. लोकांच्या सह्यांचा अर्ज आणा, सरपंच पुन्हा सभा बोलावतील.

चंद्राबाई अर्ज आणि शाईचं पॅड घेऊन निघाली. दारोदारी ती घसा खाकरून सुरुवात करायची, “त्याचं असं हाय बघा, की पंप...” तेवढ्यात “दे गं इकडं, दूध उतू जातंय,” म्हणून समोरचा अंगठा उमटायचा. दुपारपर्यंत साठ झाले. सरपंचांच्या बायकोनं, अंबाबाईनं, तर आपण होऊन हाक मारली आणि “कशाचा का असंना,” म्हणत आपलाही लावला. चंद्राबाईला हसू आवरेना. दहा पावलं गेल्यावर मात्र तिला स्वतःचीच लाज वाटली. तिच्या हातातला कागद शुक्राच्या रजिस्टरपेक्षा काही वेगळा नव्हता.

सोमवारी दहा वाजता सभा भरली. भरली म्हणजे सरपंच, मोघे, शुक्रा आणि चंद्राबाई. अकरा वाजले तरी पाचवं माणूस नाही. शुक्रा बोलवायला गेला आणि निरोप घेऊन परतला.

“सगळी म्हंतात, अंगठा दिलाय ना? मग आनखी यायचं कशाला?”

सरपंच येसाजी तसा वाईट माणूस नव्हता. तिचं पडलेलं तोंड बघून त्याला दया आली. “वयनी, कशाला जीव जाळता? पंप चिंचंखाली पायजे ना? भाऊसाहेब, लिवा तसं. शुक्रा फिरवील घरोघर. तासाभरात काम फत्ते!”

मोघ्यांनी पेनाचं टोपण काढलं. चंद्राबाईच्या डोळ्यांपुढे चिंचेखालचा पंप उभा राहिला, पाण्याच्या धारेसकट. नुसतं ‘हां’ म्हणायचं होतं. ओठांवर आलेलं ते ‘हां’ तिनं कसं गिळलं, तिचं तिलाच ठाऊक.

“नको,” ती म्हणाली. “उद्या कुणीबी असंच रजिस्टर फिरवून पंप उपटून न्यायचा. मानसं येऊ द्या हितं.”

“आनी नाय आली तर?”

“मी बसलेय.” आणि शाईचं पॅड तिनं ओटीत घातलं.

शुक्रानं तोंडाचं काम चोख केलं. चंद्राबाई सरपंचाशी भांडतेय, पॅड पळवलंय, अशी बातमी फिरली मात्र, सभेला न येणारं गाव भांडण ऐकायला झाडून आलं.

“आलाच हायसा, तर बोला,” चंद्राबाईनं दम दिला.

आणि लोक बोलले की हो! विमलबाई चिंच सोडेना, खालची आळी मळा सोडेना. तेवढ्यात दाराशी मोळी टेकवून मंगळी उभी राहिली. डोंगरउतारावरच्या ठाकूरवाडीतली बाई. “आमी वाडीवाल्यांनी कुटं भरायचं? आमच्या दारात तर तुमचं रजिस्टरबी येत नाय.”

वाडी याच ग्रामपंचायतीत होती, पण ते कुणाला आठवत नव्हतं. शुक्राला चढ चढायचा कंटाळा. मग खालच्या आळीतल्या कुणीतरी शाळेपुढची जागा सुचवली. वाडीच्या वाटेवरची, तिघांनाही सोयीची. चिंचेपासून चांगली तीनशे पावलं लांब. हात वर झाले, त्यात विमलबाईचाही! मोघ्यांनी एक्केचाळीस मोजले आणि सवयीनं लिहायला घेतलं, “सर्वानुमते...”

“थांबा भाऊसाहेब! माझा हात वर नव्हता. एक्केचाळीस हां म्हनाली, चंद्राबाई नाय म्हनाली. लिवा तसं.”

“अहो, तुमच्यामुळे तर ही सभा झाली!”

“म्हनून तर. लिवा.”

मोघ्यांनी खोडून पुन्हा लिहिलं. चंद्राबाईनं ते त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं, मगच पॅड बाहेर काढलं आणि आपला अंगठा उमटवला. सभेत हरलेली बाई इतकी खुशीत घरी जाताना मोघ्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.