वैमानिकाची हजेरी

माधव बळवंतराव जाचक यांना विमान चालवता येते, ही गोष्ट कोणत्याही कचेरीने कधी नाकारली नाही. प्रश्न फक्त कागदाचा होता. कागद माझ्या ताब्यात असल्यामुळे ही हकीकत मीच सांगणे योग्य.

मी मोरोपंत. धारहून गंधवानीकडे जाताना आत पिंपळझरी नावाची जहागीर होती, तिथे मी अकरा वर्षे हजेरीनवीस होतो. सेहेचाळीस साली आमच्या सरदारसाहेबांनी हौसेने एक छोटे विमान घेतले आणि ते चालवायला देवासहून माधवरावांना आणले. विमान आले म्हणजे विमानखाना आला, आणि विमानखाना आला म्हणजे त्याला रक्षक आला. आमचा हत्ती नुकताच वारला होता आणि त्याचा माहूत मानाजी रिकामा बसला होता. मोठी वस्तू उभी ठेवून सांभाळण्याचा त्याला अनुभव होता, म्हणून त्याला नेमले.

हजेरी देवडीवर, सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला. जो नोकर जहागिरीच्या हद्दीबाहेर असेल तो गैरहजर, असा सरदारसाहेबांच्या आजोबांच्या वेळचा नियम होता. जहागीर पावणेतीन मैल रुंद. माधवरावांनी विमान उडवले की मिनिटभरात ते हद्दीबाहेर जात. मी वर पाहायचो, वेळ बघायचो आणि लिहायचो, ‘गैरहजर’. पगार सरदारसाहेब स्वतःच्या हाताने देत, त्यामुळे या नोंदीने कुणाचे काही बिघडले नाही.

बिघडले ते पुढे. एक्कावन्न साली जहागिऱ्या गेल्या आणि पाठोपाठ सरदारसाहेबही वारले. विमान कुणीतरी विकत घेऊन गेले. माधवराव देवासला परत आले आणि मोटारस्टँडवर उज्जैन-धारची तिकिटे फाडू लागले. मग गेल्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका मोठ्या विमान कंपनीची जाहिरात आली. वैमानिकांच्या दोन जागा, वय पस्तिशीच्या आत, मागील नोकरीचा दाखला आवश्यक. माधवरावांना दसऱ्याला पस्तीस पुरी होतात. जाहिरात आली त्याच दिवशी ते कचेरीत आले.

ही कचेरी जहागिऱ्यांचे दप्तर निकालात काढण्यासाठी उघडलेली. धारकडचे कागद देवासला आणि देवासकडचे धारला पाठवले होते, म्हणजे कुणाला कुणाचे काही ठाऊक नसावे आणि काम निःपक्षपातीपणे व्हावे. कागदांबरोबर मीही देवासला आलो. मी वही उघडली आणि दाखला लिहून दिला. पाच वर्षांत हजर दिवस एकशे एकोणीस.

माधवरावांनी वही आपल्याकडे वळवून तारखा पाहिल्या. “मोरोपंत, हे तर पावसाळ्याचे दिवस आहेत. चाकं चिखलात रुतलेली असायची तेव्हाचे.”

“होय. तेव्हा आपण नियमित हजर होता.”

“आणि बाकीचे दिवस मी विमान चालवत होतो.”

“म्हणूनच गैरहजर.”

“अहो, विमान चालवणं हेच माझं काम होतं ना?”

“काम काय होतं ते दुसऱ्या वहीत असेल. ही हजेरीची वही आहे.”

कामाची वही नव्हती. माधवराव खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “मला दुसरं काही येत नाही हो. स्टँडवर उभा असतो, आणि वरून आवाज आला की सुटे पैसे हातातून पडतात.” मला खरोखर वाईट वाटले. मी त्यांना आतल्या खोलीत, साहेबांकडे नेले.

बापूसाहेब हे अतिशय न्यायी गृहस्थ. एका बाजूने लिहिलेला कागद ते कधी खरा मानत नाहीत, म्हणून त्यांनी बाकीच्या वह्याही मागवल्या. दोन दिवस वाचन केले आणि तिसऱ्या दिवशी माधवरावांना बोलावले.

“माधवराव, आपण म्हणता सरदारसाहेबांना घेऊन उडत होतो.”

“हो. मुंबईला, पुण्याला, एकदा दिल्लीला.”

“सरदारसाहेबांची हजेरी पाहिली. मालक आपल्या जहागिरीत सदैव हजर असतात, असा रिवाज आहे. पाच वर्षांत ते एक दिवसही बाहेर गेलेले नाहीत.”

“तो नुसता रिवाज झाला, साहेब.”

“बरं, विमानाचं काय? ‘विमान जागेवर, ठीक’ म्हणून रक्षक मानाजीचा रोज अंगठा आहे. एकही दिवस चुकलेला नाही.” मानाजी महिन्याचे अंगठे एक तारखेला एकदम उठवायचा. हत्तीच्या वेळेपासून तशीच पद्धत होती, आणि हत्तीनेही कधी तक्रार केली नव्हती. “म्हणजे मालक घरी, विमान घरी, आणि आपण तेवढे हद्दीबाहेर. विमानाशिवाय किती तास उडालात, हा रकाना कंपनीच्या फॉर्मात नाही, माधवराव. मी कुठे भरू?”

 माधवरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तरी बापूसाहेबांनी त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. त्यांनी एक जाहीर कागद काढला, “माधव बळवंतराव जाचक यांस विमान उडवताना ज्यांनी समक्ष पाहिले असेल, अशा पाच नागरिकांनी तीस दिवसांच्या आत खाली सही करावी.” मी तो कचेरीच्या दारावर डकवला, शेजारी दौत ठेवली आणि टाक सुतळीने खिळ्याला बांधला.

माधवराव त्या दिवशी हसले. कारण देवासात त्यांना पाहिले नाही असा माणूसच नव्हता. ते धारकडून आले की टेकडीला एक वळसा घालत आणि आपल्या आईच्या, उमाबाईंच्या, गच्चीवर विमान अगदी खाली आणत. उमाबाई पापडांवरून उठून पदर हलवत. सगळी आळी गच्चीवर धावे. शाळा सुटे. मी रजेत याच आळीत नातेवाइकांकडे उतरत असे; त्यांची इंदू तर वैमानिकाशीच लग्न करीन म्हणून दोन वर्षे अडून बसली होती. पाच सह्यांना पाच मिनिटे पुष्कळ, असे मलाही वाटले.

आठ दिवस गेले, कुणी आले नाही. माधवराव घरोघर हिंडू लागले. गणपत शिंप्याने त्यांना चहा पाजला. “भिया, अपन ने तो देखा है, बरोबर देखा है. पण लिहून कोण देणार? उद्या कचेरीवाले विचारतील, कामधंदा सोडून तू छतावर काय करत होतास?” हेडमास्तर म्हणाले, “विमान मी पाहिलं. आत तुम्ही होता, हे शपथेवर कसं सांगू? चेहरा दिसत नव्हता.” एका वकिलांनी सही करायचे कबूल केले, पण चार जणांच्या झाल्यावर, पाचवी. असे पाचव्या सहीचे लोक पुढे सतरा निघाले.

उमाबाई स्वतः आल्या. आईची साक्ष धरत नाहीत, असे मला सांगावे लागले. त्या पायरीवर बसून राहिल्या आणि पाणी पिऊन गेल्या.

तिसाव्या दिवशी एक माणूस आला, तो मानाजी. धारहून मोटारीने, दोनदा गाडी बदलून. म्हणाला, “पंत, माधवरावांच्या विमानाचा पंखा रोज मीच फिरवून देत होतो. घ्या माझा अंगठा.”

“मानाजी, इथे सही लागते. अंगठा चालत नाही.”

“वहीत पाच वर्षं चालला की.”

“वहीत चालतो. साक्षीला चालत नाही.”

आता आपण विचाराल, मोरोपंत, तुम्ही का नाही केली सही? मी केली असती. पण ज्याला गैरहजर लिहिले त्याला आकाशात पाहिले म्हणणे, म्हणजे दप्तराला खोटे पाडणे. शिवाय माझ्या पेन्शनचा अर्ज बापूसाहेबांच्या टेबलावर आहे.

दाखल्याची विचारणा कंपनीकडून आली होती, तिला मात्र उत्तर देणे भाग होते. बापूसाहेबांनी विमानखान्याचे दप्तर पुन्हा चाळले आणि त्यातल्या निर्दोष माणसाचे नाव कळवले. पाच वर्षांत एकही गैरहजेरी नाही, एकही अपघात नाही, विमान कायम ठीक. पंधरा दिवसांत मुंबईहून मानाजीच्या नावे नेमणुकीचे पत्र आले. मानाजीला वाचता येत नाही. ते घेऊन तो पुन्हा देवासला आला, आणि मोटारस्टँडवर माधवरावांनीच त्याला ते वाचून दाखवले, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मानाजी रडू लागला. “मला माडीवर चढलं तरी गरगरतं हो, माधवराव.” माधवरावांनी त्याची समजूत घातली, धारचे तिकीट फाडून दिले आणि पुढच्या उतारूकडे वळले.

दुसरी जागा अजून भरलेली नाही. एक जरी सही आली तरी बाकीच्यांसाठी संपलेली मुदतही वाढवता येते, असा नियम आहे. दसऱ्याला नऊ दिवस आहेत. मी कागद दारावरून काढलेला नाही आणि दौतीत आज सकाळीच शाई घातली आहे. आपण इथवर हसत आलात, बापूसाहेबांना नावे ठेवलीत, मलाही ठेवली असतील. ठीक आहे. पण विमान आले तेव्हा गच्चीवर आपल्यापैकी कोण कोण होते, ते मी खालून पाहिले आहे. कचेरी पाचपर्यंत उघडी असते. अजून तरी आपल्यापैकी कुणी जागचे उठलेले मला दिसत नाही.