हौसाबाईचा पलंग

बाळांनो, पलंग घ्यायला दुकानात गेलात, तर घेण्याआधी काय कराल? त्यावर झोपून बघाल ना? बरोबर. तुम्ही लहान आहात, म्हणून तुम्हाला एवढं सुचतं.

एका जंगलात हौसाबाई नावाची अस्वलीण राहत होती. तिची कंबर फार दुखायची. गुहेतल्या खडकावर या कुशीवरून त्या कुशीवर होता होता उजाडायचं. मग दिवसा पेंग यायची. एकदा तर पोळं काढताना तिला झाडावरच डुलकी लागली आणि मधमाश्यांनी तिचं नाक वांग्याएवढं करून ठेवलं. वैद्य माकडाने बजावलं, की असंच खडकावर झोपत राहिलात तर झाडावर चढणं कायमचं विसरा. आता अस्वलाचं झाड सुटलं म्हणजे मध सुटला, आणि मध सुटला म्हणजे राहिलं काय? तेव्हा कुठे तिचे यजमान केशरराव पलंग घ्यायला राजी झाले.

कोल्ह्याच्या दुकानात दोनच पलंग होते. एकाची गादी पाण्याने भरलेली. दुसरा बॉक्स स्प्रिंगचा, म्हणजे खाली लाकडी पेटीत स्प्रिंगा आणि वर गादी.

"वहिनी, आडव्या होऊन बघा की," कोल्हा म्हणाला.

हौसाबाई लाजून केशररावांच्या मागे सरकली. दुकानात एक सांबर उभं होतं, दारात ससे होते. घरंदाज अस्वलीण चारचौघांत आडवी कशी होणार? तिने भाकरीचं पीठ दाबावं तशी पाण्याची गादी पंजाने दाबून पाहिली. ती डुचमळली. मग स्प्रिंगची दाबली. ती कुरकुरली. केशरराव दोन्हींच्या काठावर, मुलगी बघायला आलेल्या नवरदेवासारखे, गुडघे जुळवून बसून उठले.

झालं, पलंग बघून झाले.

केशररावांचा ओढा पाण्याच्या पलंगाकडे होता, कारण बिबट्याकडे तोच होता. म्हशीनेही त्यालाच पसंती दिली. ती त्यावर कधी झोपली नव्हती, पण पाणी म्हटलं की तिला सगळंच बरं वाटायचं. सशाचं म्हणणं, उडी मारायला स्प्रिंगच चांगली. शेवटी केशररावांनाच एक अडचण आठवली. "आपल्याकडे साळिंदरभावजी येतात. त्यांना बसा म्हणायचं की नाही?"

साळिंदर पाण्याच्या गादीवर बसलं, तर गुहेत तळंच व्हायचं. म्हणून स्प्रिंगचा पलंग ठरला. हौसाबाईच्या कमरेला काय मानवेल, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

पलंग घरी आला. त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. सगळं जंगल बघायला लोटलं. जो येईल तो ऐसपैस लोळून बघायचा आणि मान डोलवायचा. साळिंदरभावजी तर चांगली झोप काढून गेले. हौसाबाई सगळ्यांना मधाचं सरबत देत उभी होती.

गर्दी पांगल्यावर तिने गादीवरचं प्लास्टिक काढायला हात घातला, तर केशरराव म्हणाले, राहू दे, मळेल. आणि पाहुण्यांसाठी निदान एक तरी चांगली वस्तू घरात नको का? हौसाबाईला ते पटलं. तिच्या आईनेही तिला हेच शिकवलं होतं. ती खडकावर झोपू लागली, आणि रोज सकाळी वाकून प्लास्टिक पुसू लागली. कंबर आणखी धरली.

मग एके दिवशी तिची मोठी नणंद यमुनाक्का राहायला आली. टेकडीपलीकडे ती एकटीच राहायची. केशररावांनी तिला पलंग दाखवला. ती नको नको म्हणाली, खालीच बरं म्हणाली, आणि पुरेसा आग्रह झाल्यावर वर चढली. दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आली तरी ती घोरतच होती.

जाग आल्यावर तिने हौसाबाईला जवळ बोलावलं. "हौसा, किती वर्षांनी अशी झोप लागली गं."

"वन्सं, तुमच्याकडे पलंग नाही?"

"आहे की. पाण्याचा आहे. पाहुण्यांसाठी ठेवलाय."

"मग पाहुणे येतात का?"

"टेकडी चढून कोण येतंय मरायला?"

मग हौसाबाई हळूच म्हणाली, "मी येऊ?"

केशररावांना हे मुळीच पसंत पडलं नाही. घरात पाहुणी असताना घरची बाई पाहुणी म्हणून कशी जाईल, लोक काय म्हणतील, असं ते बरंच काही बोलले. यमुनाक्काने कूस बदलली. "मी आहे ना इथे. तू जा गं. तिकडचंही प्लास्टिक काढलेलं नाही, पण त्याची सवय होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई टेकडी ओलांडून नणंदेच्या गुहेत गेली, पाण्याच्या पलंगावर आडवी झाली आणि सूर्य मावळेपर्यंत उठली नाही.

तात्पर्य : पलंग पाण्याचा घ्यावा की स्प्रिंगचा, याचा फार विचार करू नये. कोणताही घेतला तरी आपल्याला त्यावर झोपायचं नसतं. नणंदेकडे एखादा आहे ना, एवढं मात्र आधी पाहून ठेवावं.