इनाबाची म्हातारी घोडी

इनाबाने पैज लावायच्या कार्डावर चुकून सातव्या शर्यतीऐवजी आठवीचा चौकोन काळा केला, आणि तीन नंबरच्या घोडीवर शंभर येन लागले. ती घोडी म्हातारी, वर्षभर शेवटची येणारी. जपानच्या शिकोकू बेटावरच्या त्या घोडशर्यतीच्या मैदानावर इनाबाला सगळे ओळखत. गर्दी ज्यावर लावेल त्यावरच हा लावायचा, तेही शंभरच.

रांगेत मागे उभ्या गोंदोने मान लांब करून तिकीट वाचलं. हा अंगावरचा कोट विकून पैसे लावणारा.

"इनाबासान, तीन नंबर?"

"चुकून लागला हो!"

"तुमच्या हातून? चुकून? तुमचा मेहुणा तबेल्यात आहे ना?"

"तो गवत टाकतो, बास!"

"म्हणजे आतली खबर!" गोंदो मागे वळून कुजबुजला, "हा अंघोळीलाही छत्री घेऊन जाणारा माणूस. उगाच लावेल?"

झालं! अक्कल गहाण टाकायला रांग लागली. जितकी माणसं लावतील तितका भाव पडतो. फलकावर साठपटीचा वीसपट झाला, मग तीनपट.

इनाबाने फलक पाहिला आणि त्यालाच संशय आला. माझ्या एका चुकीवर एवढी माणसं धावतील? शक्यच नाही. या हरामखोरांना काहीतरी कळलंय आणि माझ्यापासून लपवतायत!

त्याची बायको तोकिए फाटकाजवळ आतड्यांचा रस्सा विकायची. तिचा फ्रिज बंद पडला होता. नव्यासाठी सकाळीच तिने पैसे दिले होते. ते सगळे त्याने त्या म्हाताऱ्या घोडीवर लावले.

म्हातारी शेवटची आली.

"अहो, फ्रिज सांगितलात का?" तोकिएने विचारलं. इनाबाने हरलेलं तिकीट पुढे केलं. तिने कळशीभर उसासा सोडला आणि ॲप्रनमधून जिंकलेलं तिकीट काढलं.

"सगळे म्हातारीकडे पळाले, म्हणून चांगल्या घोड्याचा भाव चढला. तरी मन धजत नव्हतं. मग तुम्हीही पळताना दिसलात, तेव्हा म्हातारी हरणार याची खात्रीच पटली."

गोंदोने हे ऐकलं.

पुढच्या रविवारी तोकिएच्या टपरीपुढे ही गर्दी! "वहिनी, आज कोणता नंबर?"

"आधी खाऊन घ्या."

माणसं दोन दोन वाट्या रिचवून तिच्या हाताकडे डोळे लावून बसली. तिने दिवसभर एकही तिकीट काढलं नाही. पातेली मात्र तीनदा रिकामी झाली.

रांगेत शेवटी इनाबा उभा होता, इकडेतिकडे संशयाने बघत. तिने त्याच्याकडूनही रस्स्याचे पैसे घेतले.