वीस चिठ्ठ्या, एकवीस खोकी

डोळे मिटा पाहू. नको, नको, उघडा! मिटल्यावर वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच मनात एक जेवणाचं टेबल आणा. चांगलं सहा माणसांचं. आता त्यावरची ताटं उचला आणि तिथे खोकी ठेवा. खोक्यांवर आणखी खोकी. खुर्च्यांवर चिकटपट्टीची रिळं, पाण्याच्या तांब्याच्या जागी कात्री. आता सांगा, जेवाल कुठे? आम्ही तीन महिने मांडीवर ताटल्या घेऊन जेवत होतो!

हा सगळा पसारा माझ्या सुनेच्या दुकानाचा. दुकान ऑनलाइन, एका वेबसाइटवर. ती दारावर लावायच्या लाकडी पाट्या रंगवते. लोक फोनवर चित्र बघतात, बटण दाबतात आणि मोकळे होतात. बटण दाबायला एक बोट पुरतं. पण ती पाटी कापडात गुंडाळा, खोक्यात भरा, पत्त्याची चिठ्ठी लावा, कुरिअरवाल्याच्या हाती द्या, याला दहा बोटंही कमी पडतात. तिला रंगवायला वेळच उरेना.

अशात एक गोदामवाले घरी आले. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं अगदी सावकाश. म्हणाले, "ताई, तुम्ही फक्त रंगवा. माल आमच्या फळ्यांवर ठेवा. ऑर्डर आली की आम्ही भरू, आम्ही पाठवू. सोमवारी येतो, तेव्हा सांगा काय ते."

सून विचारात पडली. "घरी केलं तर टेबल जातं, वेळ जातो. बाहेर दिलं तर दोन्ही वाचतं, पण माझी पाटी कोण कशी भरतंय ते मला दिसणार नाही."

मला मात्र विचार करायची गरजच नव्हती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून 'आजोबा, जरा हे धरा' असं मला ऐकू यायचं ते त्या टेबलापाशीच. तेही गोदामात गेलं तर मी दिवसभर धरायचं काय? खिडकीचे गज?

"सूनबाई," मी छाती पुढे काढली, "बाहेरची माणसं कशाला? चौतीस वर्षं उत्तरपत्रिका वाटल्या मी. एकाची दुसऱ्याच्या हातात कधी गेली नाही!"

"बाबा, मुलं हाक मारली की उठून यायची. खोकी येतात का?"

"एकदा संधी तर दे!"

बुधवारी तिला लाकूड आणायला जायचं होतं, म्हणून संधी मिळाली. निघताना तिने बजावलं, "भिंतीपाशी पाट्या ओळीने उभ्या केल्यात. त्याच क्रमाने या वीस चिठ्ठ्या आहेत. एक पाटी, एक खोकं, एक चिठ्ठी. मग पुढची. आणि बाबा, मधेच काही सुधारणा करू नका. आठवड्यात पाच तक्रारी गेल्या की ती वेबसाइट दुकान बंद करते. मग गोदामही नको आणि टेबलही नको!"

"अगं, मी काय लहान आहे?"

ती गेली. मी दोन पाट्या भरल्या आणि मला तिची पद्धत भारी संथ वाटली. पाटी उचल, कात्री शोध, चिठ्ठी सोल, पुन्हा पाटी. वर्गात आपण असं करतो का? आधी सगळ्यांना वह्या वाटतो, मग सगळ्यांना पेन्सिली! मी लावलेल्या दोन चिठ्ठ्या सोलून काढल्या, आधी सगळ्या पाट्या भरल्या, सगळी खोकी बंद केली, ओळीने मांडली. पलटण उभी राहावी तशी! मग पहिल्या खोक्यापासून चिठ्ठ्या लावत गेलो. पन्नास मिनिटांत काम फत्ते.

शेवटी एक खोकं उरलं. चिठ्ठी संपली होती.

आता तुम्ही असता तर थांबला असता. तुम्ही हुशार आहात. मी म्हटलं, सूनबाईने एक पाटी जास्तीची केलेली दिसते. किती दूरदृष्टी! ते खोकं कपाटावर ठेवलं आणि बाकीची वीस कुरिअरवाल्याला दिली. वर त्याला चहा पाजला.

शनिवारी सकाळी पहिला फोन आला. दातांचे डॉक्टर. त्यांनी पाटी मागवली होती, 'घाबरू नका, आत या.' सुनेने फोन सर्वांना ऐकू येईल असा ठेवला होता.

"बाई, माझ्या दवाखान्याच्या दारावर आमच्या मदतनिसाने न वाचता तुमची पाटी लावली. पेशंट जिन्यावरूनच परत चाललेत!"

"का हो? काय लिहिलंय?"

"'कुत्रा चावतो. मालकही.'"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी रिळं मोजायला लागलो.

दहा मिनिटांनी एका तान्ह्या बाळाच्या आईचा फोन. तिने मागवलं होतं, 'बाळ झोपलंय, बेल वाजवू नका.' तिला मिळालं होतं, 'घाबरू नका, आत या.' "सकाळपासून चौघं आत येऊन गेले," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "त्यातले दोघं तर ओळखीचेही नव्हते!"

मग ड्रम शिकवणारे मास्तर. त्यांच्या दारावर बाळ झोपलं होतं, आणि शिष्य पाय न वाजवता घरी गेले होते. त्यांच्यानंतर ग्रंथालयाच्या बाई. त्यांना हवं होतं, 'कृपया शांतता.' त्यांच्या दारावर काय लागलं असेल? 'जोरात वाजवा, लाजू नका!'

"वेबसाइटवर चार तक्रारी गेल्यात," सून फोन बघत म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, अजून एक तक्रार गेली की संपलं. आणि कुणाला काय गेलंय तेच माहीत नाही. सगळ्यांना विचारत बसले तर ते आधी तक्रार करतील आणि मग उत्तर देतील."

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात, बाळांनो. नवा शब्दप्रयोग लिहून ठेवा.

टेबलाखाली माझी नात अभ्यास करत होती. वय वर्षं नऊ. सतत काही ना काही ओढून नेत असते, म्हणून तिला मुंगी म्हणतो. तिने खालूनच हात वर केला.

"आई, ती यादी दे."

"मुंगे, आत्ता नको गं."

"दे ना! हे बघ. दातवाल्या काकांना कुत्रेवाल्यांची गेली. ते यादीत त्यांच्या वरच आहेत. बाळाच्या आईला दातवाल्या काकांची. मास्तरांना बाळाच्या आईची. सगळ्यांना आपल्या वरच्याची गेलीय!"

सून खुर्चीतून अर्धी उठली. "म्हणजे प्रत्येकाकडे काय असेल ते सांगता येईल! पण मग यादीत पहिले वकील आहेत, त्यांच्या वर तर कुणीच नाही. त्यांना काय गेलं?"

मुंगी टेबलाखालून बाहेर आली. मग हळूच म्हणाली, "आई, माझी पाटी कुठाय? मी शाळेत जाताना ओळीच्या तोंडाशी वाळत ठेवली होती."

"काय लिहिलं होतंस त्यावर?"

"'आत यायचं तर आधी चित्र काढून दाखवा.'"

सुनेने वकिलांचा नंबर लावला. पलीकडून भारदस्त आवाज आला, "हो, मिळाली पाटी. मला वाटलं, विक्रीनंतरची काही अट असेल. हत्ती काढलाय. चालेल ना?"

मग काय! सून एकेकाला आपणहून फोन करू लागली. "तुम्हाला अमुक पाटी आली असेल, ती उद्या कुरिअरवाला घेऊन जाईल, तुमची तुम्हाला मिळेल, माफ करा." लोक चकित! न सांगता हिला कळलं कसं? ज्यांनी खोकं उघडलंही नव्हतं, त्यांनी तर तिलाच शाबासकी दिली. पाचवी तक्रार गेली नाही. शाबासकीतली थोडी मलाही मिळेल म्हणून मी जवळपास घोटाळत होतो. नाही मिळाली.

सोमवारी गोदामवाले आले. कागद टेबलावर, पेन सुनेच्या हातात. मी खिडकीपाशी जाऊन एक गज धरून पाहिला. थंड होता.

मुंगी त्यांच्यासमोर उभी राहिली. "काका, तुमच्याकडे चिठ्ठ्या चुकत नाहीत?"

"क्वचित, बाळ. आमच्याकडे कुणी डोक्याने लक्षात ठेवतच नाही. वस्तूवर एक नंबर, चिठ्ठीवर तोच नंबर. यंत्र दोन्ही बघतं. जुळले नाहीत तर ओरडतं. मग चिठ्ठी लागतच नाही."

"आणि आईच्या पाट्या कापडात गुंडाळाल?"

ते थोडे अडखळले. "सगळ्या सारख्या असतील तर हो. एकेक वेगळी असेल तर... ते घरीच बरं, बाळ. आम्हाला ती फळ्यांवर शोधतानाच संध्याकाळ होते."

मुंगीने विचार केला. मग आईकडे वळली. "आई, मग पाट्या राहू दे घरी. आजोबांना गोदामात पाठव!"

गोदामवाल्यांचा चष्मा नाकावर आला. सून शनिवारपासून पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसताच तिने ठरवून टाकलं. 'स्वागत'च्या सारख्या पाट्या गोदामात जातील, नावानिशी मागवलेल्या घरी भरल्या जातील.

"आणि घरी कोण भरणार?" मी घसा साफ करत विचारलं.

"ते तुम्ही तिथून काय शिकून येता त्यावर आहे, बाबा."

"चार दिवस या की," गोदामवाले म्हणाले. "सकाळी आठला. आमची मुलगी शिकवेल. चोवीस वर्षांची आहे, जरा कडक आहे."

चौतीस वर्षं मी शिकवलं, बाळांनो. आता मला गृहपाठ मिळणार होता! मी म्हणणार होतो, बघू, पुढच्या आठवड्यात, गुडघा दुखतोय. पण तोवर मुंगी आत गेली आणि माझ्या चपला घेऊन आली. दारापाशी त्या बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवल्या. मग खाली बसून नीट बघितलं. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे.