एकट्यानं गायची बंदी

योहानकाकांच्या घरात एकट्यानं गाणं म्हणायला सक्त बंदी होती. त्यांची रूथ न्हाणीत नुसती गुणगुणली, तरी काका ओसरीवरून ओरडत, "थांब वो माय! आमाले येऊ दे!" मग त्यांची बायको, आमच्या मावशी, पोळपाटावर लाटणं आपटून ताल धरणार, दोन्ही पोरं तोंडात ब्रश असतानाच मागून सूर ओढणार आणि काका खंजिरी घेऊन न्हाणीच्या दाराशी हजर. पोरीची आंघोळ राहायची बाजूला. अमरावतीत भिंतीला भिंत लागून आमचं घर. त्या कल्ल्यानं आमच्याकडच्या नव्या पाहुण्याच्या हातातला चहा हमखास सांडायचा.

"गानं म्हंजे पंगत हाये," काका म्हणत. "एकटा जेवते तो अधाशी!"

अशी ही पाच जणांची मंडळी. नाताळात धारणीकडच्या चर्चमध्ये येशूची भजनं, उन्हाळ्यात तिवस्याकडच्या लग्नांत लोकगीतं. एका जीपमध्ये पाच माणसं, पेटी अन् ढोलकी. घाटात ओकारी आली तरी हे एका सुरातच काढत असतील, असं आम्ही चिडवायचो. काका खुशाल हसायचे. रूथचा आवाज मात्र असा, की वरातीतले बँडवाले वाजवायचं विसरत.

तिवस्याच्या एका लग्नात तो आवाज नागपूरच्या एका रेकॉर्डिंगवाल्यानं ऐकला. पत्ता काढत घरी आला. म्हणाला, पोरीला एकटीला पाठवा, तिची गाणी काढू. काकांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "आमी काय फुटकर माल इकून राहिलो का बाप्पा? न्याचं तं पाचही न्या!"

तो गेला तो गेलाच. गल्लीत काकांच्या बाण्याची वाहवा झाली. रूथनं कपबशा उचलल्या. कसला बाणा अन् कसलं काय! पोरीचं नशीब दारात येऊन परत गेलं.

पुढं पोरं नोकरीसाठी पुण्याला गेली, मावशी वारल्या, रूथ लग्न होऊन अकोल्याला गेली. गाणं तिनं सोडूनच दिलं. आता काका दर रविवारी बसनं अकोल्याला, तिच्या चर्चमध्ये जातात. गेल्या रविवारी मलाही ओढून नेलं. मागच्या बाकावर बसलो. सगळं चर्च गातंय, आणि जन्मभर दुसऱ्याच्या गाण्यात उडी घेणारा हा माणूस तोंड मिटून बसलेला! मी कोपरानं ढोसलं, "काका, गा ना."

"चूप बे! म्या गायलो तं तिचा आवाज कसा आयकू यीन?"

रूथ पुढच्या बाकांवर होती. हातात पुस्तक उघडं, ओठ बंद. मला फार वाईट वाटलं.

दुपारी तिच्याकडे जेवायला बसलो. ती वाढत असताना काका एकदम म्हणाले, "रूथ, एखांदं गानं म्हन ना माय. एकटीच म्हन. आमी मधात नाई येनार."

ती हसली. रागानं नाही. त्यांच्या ताटात भाकर ठेवत म्हणाली, "एकटीनं कसं म्हनाचं असते बाबा? तुमी कुठं शिकवलं?"

काकांनी भाकरीचा पार चुरा केला. मग म्हणाले, "चुकलं माय माहं."

पण ती तोवर वरण आणायला आत गेली होती. तिला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.